कोळशाचं वाण

सीनेच्या उतारात मोटार बंद पडली तेव्हा गहिनीनाथ अण्णांना मनातून बरं वाटलं. कोळशावर चालणारं हे डबडं नदी ओलांडणार नाही असं ते संक्रांतीच्या आधीपासून सांगत होते, आणि आपलं म्हणणं खरं ठरत असेल तर पोराचं नुकसान झालं तरी चालेल, ही आमच्या घराण्यातल्या पुरुषांची जुनी खोड. अण्णा खाली उतरले. धोतराचा सोगा वर खोचून घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, चला आता चालत घरी, हुरडा काय आपल्याही रानात आहे.

मोटारीत मिरजगावच्या आमच्या भावकीतल्या सगळ्या सुवासिनी नटूनथटून बसल्या होत्या. पलीकडे मोगलाईत सूर्यभानच्या घरी हळदीकुंकू होतं, आणि त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी सूर्यभानचं घर अजून पाहिलेलं नव्हतं. त्या कशाला माघारी फिरतात? काळ्या चंद्रकळा वर खोचून त्या पाण्यात उतरल्या आणि मोटारीला मागून खांदा लावला. अण्णांचा मुलगा गोरक्ष, मोटार त्याची. त्यानं मोटारीच्या पाठीला जोडलेला लोखंडी बंब गदागदा हलवला, खालची राख मोकळी केली, पंख्याचा दांडा गरगर फिरवला. बंबात कोळसा पेटायचा, त्याचा वायू नळीनं इंजिनात जायचा, आणि तो पुरेसा तयार होईपर्यंत उतारूंनी देवाचं नाव घ्यायचं, अशी ती व्यवस्था होती.

सगळ्या उतरल्या, साळूआत्या तेवढी उतरली नाही. ती ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून राहिली. साळूआत्या अण्णांची थोरली बहीण. मानमोडीच्या साथीत नवरा गेल्यापासून माहेरीच, आणि कोठीच्या किल्ल्यांपासून बैलांच्या खरेदीपर्यंत घरातलं सगळं तिच्या हातात. तिनं बायकांना जोर लावायला सांगितलं आणि खिडकीतून भावाला म्हणाली, "गहिनी, पान्यात हुबाच हायेस तर जरा हात लाव."

अण्णांनी हात लावला. मोटार खोकली, तिनं भसाभसा धूर सोडला आणि पलीकडच्या काठावर चढली.

पेट्रोलची कुपनं आटली तेव्हा गोरक्षनं हा बंब नगरहून बसवून आणला होता. कोळशाचं काय, तो तर काकाच्याच घरी पिकतो, असा त्याचा विचार. तो चुकीचाही नव्हता. सूर्यभान हा अण्णांचा धाकटा भाऊ. तो नदीपलीकडे घरजावई म्हणून गेला होता आणि तिथल्या बाभळवनात त्याच्या कोळशाच्या भट्ट्या लागत. कोळसा असा, की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखे वाजावेत. पण नदीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे निजाम. दोन भावांच्या घरांत जेमतेम एका दुपारची वाट, आणि मध्ये दोन राज्यं.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग दोन्ही सरकारांना एकदमच लाकडाची आठवण झाली. नगरच्या छावणीत पलटणी वाढल्या, तेव्हा आमच्या बाजूला हुकूम निघाला की जळण आणि कोळसा आधी लष्कराला, उरला तर इतरांना. उरत काहीच नव्हतं. तिकडे निजाम सरकारनं ठरवलं की आपल्या रानातलं लाकूड आपल्याच रयतेला पुरत नाही, ते बाहेर जायचं कारण नाही. लाकूड, कोळसा, दोन्हींची निकासी बंद. नदीकाठच्या करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर, बांबू आडवा पडला. सूर्यभानच्या परसात कोळशाचा डोंगर साचला आणि त्याच्याकडे ढुंकून बघायला कुणी येईना. अण्णांच्या दारात मोटार उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. सख्ख्या भावाकडून पोतंभर कोळसा आणायचा तर दिल्लीचं आणि हैदराबादचं एकमत व्हायला हवं होतं. इथं दोन भावांचंच होत नव्हतं.

आणि सोमवारी परवान्याचा साहेब मिरजगावला येणार होता. मोटार नगरच्या फेरीला सुटताना त्याला दिसली आणि तो आठवडा सुटत राहिली, तर परवाना पुढे चालू. नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या नावावर. परवाना गेला की अण्णा मोटार विकणार हे ठरलंच होतं. नगरचा एक ठेकेदार येऊन टायर दाबूनही गेला होता. गोरक्षचा तर त्या मोटारीत जीव अडकलेला. बंबातला कोळसा शेवटचा होता, नदीपलीकडे जाऊन परत येण्यापुरता. तो हळदीकुंकवासाठी जाळणं म्हणजे घर जाळून कोळशाचा व्यापार करणं, असं अण्णा म्हणाले. गोरक्षचं म्हणणं, गेलो तरच काकाकडून काही वाट निघेल. आत्यानं भाच्याची बाजू घेतली. का घेतली ते तिनं सांगितलं नाही. मोटारीत पुढच्या जागेवर बसायला तिला फार आवडायचं, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

सूर्यभानच्या घरी वाटेला डोळे लावून बसलेली त्याची बायको छबूबाई मोटारीचा धूर दिसताच आत पळाली. घरजावई म्हणून भाऊ नदीपार गेला त्याचा सगळा ठपका साळूआत्यानं या भावजयीवर ठेवलेला. छबूनं माझा भाऊ पळवला, असं ती विहिरीवर म्हणाली होती, आणि विहिरीवर बोललेल्याला नदी ओलांडायला मोटार लागत नाही. त्यानंतर नणंद या घरी आली ती फक्त मयताला. आज ती सणाला येत होती. छबूबाईनं दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, डोकं टेकवलं. आत्या म्हणाली, बरी आहेस ना. एवढंच म्हणाली, पण आवाजात आंबटपणा नव्हता असं छबूबाईला वाटलं.

पुरुष मंडळी रानात आगटीभोवती बसली. गोवऱ्यांचा निखारा फुलला होता, कणसं भाजून चोळली जात होती, लसणाची चटणी आणि गूळ फिरत होता. सूर्यभाननं मुद्दाम बोलावलेला पाहुणा अण्णांच्या शेजारी बसला होता. हा इनायतखान, करोडगिरीचा नाकेदार. माणूस औरंगाबादकडचा, पण नदीकाठी इतकी वर्षं काढलेली, की नुसत्या चवीवरून कणीस सुरती ज्वारीचं की गुळभेंडीचं ते सांगायचा. कायद्याला तो पक्का होता. कायदा वाकवणाऱ्याला सोडायचा नाही, आणि कायद्यात जेवढं बसतं तेवढं नाकारायचाही नाही.

गोरक्षनं हुरड्याची मूठ त्याच्या हातावर ठेवत विषय काढला. नाकेदारानं हुरडा खाल्ला आणि नाही म्हणाला. सूर्यभाननं गूळ पुढे केला. नाकेदारानं गूळ खाल्ला आणि नाही म्हणाला. कोळसा बंद, सरपण बंद, बाभळीची फांदीही बंद. औताच्या लाकडाला दाखला लागतो, आणि औतावर मोटार चालत नाही. पेटलेल्या बंबातला कोळसा तेवढा तो निकासीत धरत नव्हता, पण बंब एकदा भरून आठवडा निघणार नव्हता. अण्णा म्हणाले, ऐकलंस? आता सूर्यभानच्याच तोंडानं ऐक. आणि सूर्यभाननंही पुतण्याचा हात सोडला. त्याला याच नाक्याच्या सावलीत राहायचं होतं. काही वेडंवाकडं झालं तर मिरजगावची मंडळी मोटारीत बसून जातील आणि भट्ट्या बंद होतील त्या माझ्या, असं तो म्हणाला. विकून टाक बाबा, बैल घे. बैलांना काका कोळसा नाही, कडबा देईल. दोन भाऊ कितीतरी वर्षांनी एका बाजूला आले होते आणि गोरक्ष एकटा पडला. त्यानं हातातलं कणीस चोळायचं सोडून दिलं.

पुतण्याचं तोंड पाहून सूर्यभानला वाईट वाटलं असावं, कारण तो एकदम नाकेदारावरच घसरला. मग नदीपल्याड जातं तरी काय, असं त्यानं विचारलं. इनायतखानानं मिशांना लागलेला गूळ पुसला आणि पाठ म्हणावं तसं सांगायला लागला. माणसं जातात. चरायला गुरं जातात. वाटेची भाकरी, देवाचा प्रसाद, लग्नाचा रुखवत जातो. सणाचं देणंघेणं जातं. बाईमाणसाच्या डोक्यावर मावेल तेवढं सणाचं वाण जातं, त्याला मनाई नाही. "आणि वाणात काय आहे ते सरकार विचारत नाही," तो म्हणाला. "आमच्या घरातनं पण ताकीद आहे, बायकांच्या वाणात डोकावू नका."

छबूबाई तेव्हा ताक वाढत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पाहुण्यांना अर्धवट ताकावर सोडून घराकडे निघाली. इनायतखानानं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या वाटीकडे पाहिलं, आणि नाक्यावर काम आहे असं सांगून उठला.

घरात सोप्यावर बायकांचा कालवा चालला होता. साळूआत्या तिथं नव्हती. हळदीकुंकवाच्या वेळी ती जिथं असायची तिथंच होती, म्हणजे परसात. कोळशाच्या ढिगाजवळ बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. छबूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "वाण बदलावं म्हनते."

"काय आनलं हुतंस?"

"सुपल्या. पर त्या ऱ्हाऊ द्या. कोळसा द्यावा म्हनते. बाईच्या डोक्यावर मावंल तेवढा."

आणि नाकेदाराचं बोलणं तिनं घडाघडा सांगितलं. साळूआत्यानं घाटे सोलायचं थांबवलं. तिनं ढिगाकडे पाहिलं, सोप्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे नीट पाहिलं. या बाईच्या डोक्यात एवढं काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि तसं वाटलं नव्हतं याची तिला आता लाज वाटली. ती हसायला लागली. छबूबाईलाही हसू फुटलं. दोघी नणंदा-भावजया कोळशाच्या ढिगाशी उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि विहिरीवरचं ते बोलणं तिथंच संपलं.

पुरुषांना कळल्यावर गोंधळ व्हायचा तो झालाच. सूर्यभान बायकोवर चिडला. नाकेदार चिडला तर काय, म्हणाला. छबूबाईनं त्याला विचारलं की नाकेदार काय म्हणाला ते त्यानं ऐकलं होतं का नुसतं गूळच वाढत होता. भट्टीजवळ राबायला मी चालते तर वाण मी ठरवलेलं का चालत नाही, हेही विचारलं. सूर्यभान ऐकत ऐकत पाट्या शोधायला लागला. अण्णा मात्र अडून बसले. हळदीकुंकवाला काळा कोळसा देणं म्हणजे अपशकून, आमच्या घरात असलं कधी झालेलं नाही. तेव्हा आत्या परसातून पुढे आली.

"वरीसभर काळं वाईट, संक्रांतीला काळं चांगलं," ती म्हणाली. "ह्या सगळ्या काय पांढरं नेसून आल्यात व्हय?"

अण्णांनी चंद्रकळांच्या त्या रांगेकडे पाहिलं. वादात हरले की ते तंबाखू मळायला घेत, तशी त्यांनी घेतली.

मग काय धांदल उडाली. सोप्यावर छबूबाई एकेकीला हळदीकुंकू लावी, तिळगूळ देई, आणि ती बाई मागच्या दारानं परसात येई. तिथं साळूआत्या पदर खोचून कोळशात उभी. कोण किती पेलेल ते ती मानेकडे पाहूनच ठरवी आणि तेवढी पाटी भरी. वर बोरं, घाटे, उसाचे करवे, कारण वाण दिसायला वाणासारखं दिसलं पाहिजे. बायकांचे हात काळे, नाकाची टोकं काळी, आणि तोंडं फुललेली. गोरक्षची बायको हौसा, तिला सगळ्यांनी नाव घ्यायला लावलं. तिनं थोडा विचार केला.

"बाभळीचा कोळसा, फुंकला की लाल, गोरक्षरावांची मोटार, सोमवारी चाल."

अण्णासुद्धा हसले. तंबाखूच्या निमित्तानं तोंड फिरवून हसले, पण हसले.

ऊन उतरताना सगळ्या निघाल्या. गोरक्ष रिकामी मोटार घेऊन पुढे गेला. नाकेदारानं बंबात डोकावून पाहिलं, बांबू वर केला आणि मोटार नदी ओलांडून मिरजगावच्या बाजूच्या काठावर जाऊन थांबली. मागून बायकांची रांग. चुंबळीवर पाट्या, कपाळावर ताजं कुंकू, एका हातात तिळगुळाची पुडी. पोचवायला म्हणून छबूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बरोबर आली होती, आणि सगळ्यांच्या मागं, आपला यात काही हात नाही हे दिसावं इतक्या अंतरावर, दोघे भाऊ.

इनायतखान बांबूशी उभा होता. तो काही दूधखुळा नव्हता. छबूबाईनं ताकाचा तांब्या खाली ठेवला तेव्हाच त्याला सगळं उमगलं होतं. पण हुकूम तसा होता आणि वाण हे वाणच होतं. त्यानं पहिलीच्या कपाळाकडे पाहिलं, हातातल्या पुडीकडे पाहिलं आणि बांबू वर केला. दुसरी, तिसरी, सगळ्या एकेक करून पलीकडे गेल्या. हौसानं जाताना त्यालाही तिळगूळ दिला आणि गोड बोलायला सांगितलं. तो गोड हसला.

शेवटी साळूआत्या आली. तिची पाटी सगळ्यांत मोठी होती. इनायतखानाचा हात बांबूवर थांबला.

"बाई, माफ करा," तो म्हणाला. "हेही वाणच का?"

"व्हय," साळूआत्या हसत म्हणाली. आणि मग तिला तो काय विचारतोय ते कळलं.

हे सांगताना मला अजून कसंतरी होतं. साळूआत्या विधवा आहे हे आमच्या घरात एक दिवस कुणी विसरलं नव्हतं. लग्नात ती मांडवाबाहेर, बारशाला पाळण्यापासून लांब, आणि कामाला मात्र सगळ्यांच्या पुढं. त्या एका दुपारी सगळे विसरले. छबूबाई विसरली, अण्णा विसरले, तिच्या हातून पाट्या घेणाऱ्या बायका विसरल्या, आणि नवल म्हणजे ती स्वतःच विसरली. सगळ्या उचलतात तशी तिनंही एक पाटी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि उचलली. परक्या राज्याचा नाकेदार तेवढा विसरला नव्हता, कारण त्याचं कामच ते होतं. वाण सुवासिनीला देतात, आणि देण्याआधी कुंकू लावतात. हे कपाळ कोरं होतं.

साळूआत्यानं पाटी खाली उतरवली. कुणी हात लावायच्या आत तिनंच उतरवली. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "ही हितंच ऱ्हाऊ द्या. माजं कसलं वाण."

इनायतखानाला फार अवघड झालं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. पाटी इथं ठेवून भागत नाही, असं तो जमिनीकडे पाहत म्हणाला. वाणाच्या रांगेतली एक पाटी नुसता कोळसा निघाली, तर बाकीच्या पाट्यांत वाण आहे असं त्यानं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पुढं गेलेल्या बायका त्याला परत बोलवाव्या लागतील. तो हे रागानं म्हणाला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. पलीकडच्या काठावर गोरक्ष मोटारीच्या पायरीवर उभा होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण बांबू खाली आहे हे दिसत होतं. त्याचं इंजिन चालू होतं आणि शेवटचा कोळसा जळत होता.

छबूबाई ताट घेऊन एक पाऊल पुढे आली आणि थबकली. मधे अण्णा येऊन उभे राहिले होते. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं पदर सावरून बाजूला व्हायचं, बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिला नावानं हाक मारायची नाही, अशी रीत. तिनं पदर सावरला, पण बाजूला ती झाली नाही.

अण्णांना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं. बांबू खाली राहिला की परवाना जाणार, ठेकेदार येणार, मोटार जाणार, आणि सगळं अण्णा म्हणत होते तसंच खरं ठरणार. पण त्यांच्या कानात बहिणीचे शब्द अडकून बसले होते. माजं कसलं वाण. सगळ्या घरावर हुकूम चालवणारी ही बाई मान खाली घालून नदीच्या वाळूत उभी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेले होते. अण्णांना भडभडून आलं. आणि भडभडून आलं की आमच्या अण्णांना राग येत असे.

"छबूबाई," ते खेकसले, "ताट कशाला आनलंय? लावा तिला."

सूर्यभाननं थोरल्या भावाकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसेना. साळूआत्या मागे सरली.

"गहिनी, यडा झालास का? लोक काय म्हनतील?"

"लोकांचा कोळसा न्हाई ह्यो," अण्णा म्हणाले. "आपला हाय."

छबूबाईनं नणंदेच्या कपाळाला हळद लावली. मग कुंकू लावलं. इतक्या वर्षांचं कोरं कपाळ, बोट नेमकं कुठं टेकवायचं ते तिला क्षणभर कळेना. तिचे डोळे भरले होते. तिनं तिळगूळ पुढे केला आणि म्हणाली, "वन्सं, वाण घ्या." साळूआत्यानं दोन्ही हातांनी पदर पसरला. एरवी ती नक्की काहीतरी टाकून बोलली असती. अण्णांनी वाकून पाटी उचलली आणि स्वतःच्या हातांनी बहिणीच्या डोक्यावर ठेवली. कोळशाची पूड त्यांच्या पांढऱ्या बंडीवर सांडली, ती त्यांनी झटकलीही नाही.

इनायतखान हा सगळा वेळ नदीकडे तोंड करून उभा होता. आता तो वळला, त्यानं एकदा नीट पाहिलं आणि बांबू पार वरपर्यंत नेला. "वाण आहे," तो म्हणाला. "जा बाई."

त्या कोळशावर सोमवारी मोटार सुटली, तो आठवडा सुटत राहिली आणि परवाना राहिला, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला ठेवायची मला आवड नाही. त्या संध्याकाळी मात्र मोटारीत कुणी सोमवारचं बोलत नव्हतं. पाट्या बाकांखाली आणि टपावर रचलेल्या होत्या, बायकांतल्या कुणीतरी बोरं काढली आणि हळूहळू कलकलाट सुरू झाला. साळूआत्या पुढच्या जागेवर बसली होती. वारा तोंडावर येत होता. गोरक्ष रस्ता सोडून मधूनमधून तिच्याकडे पाहत होता, तेव्हा तिनं त्याला समोर बघायला सांगितलं. एकदा मोटारीच्या काचेत तिला स्वतःचं कपाळ पुसटसं दिसलं. ती जरा पुढे झुकली, बघितलं आणि पुन्हा मागे टेकून बसली.

मिरजगावची वेस दिसायला लागली. पारावर माणसं बसलेली होती, जनावरं घरी येत होती, मोटारीचा धूर पाहून चारदोन जण उठून उभे राहिले. मागच्या बाकावरून अण्णा उठून पुढं आले. नाक्यावरचा त्यांचा राग आता उतरला होता आणि गावाचं भय चढलं होतं. खांद्यावरचा पंचा त्यांनी हातात घेतला होता. तो त्यांनी बहिणीला दिला नाही, नुसता तिला दिसेल असा धरला.

"आक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "गाव आलं."

साळूआत्यानं पंचाकडे पाहिलं आणि मग पाराकडे पाहिलं.

"आलं तर येऊ दे," ती म्हणाली. "गोरक्ष, भोंगा वाजव."